पद्मिनी: रेस दिली की कार्बमधून फटाका, घाट उतरताना सायलेन्सरमधून

खंबाटकीकर
नमस्कार मंडळी, बाबांची ८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसी, सोलेक्स कार्ब (हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर). पाच वर्षं शेडमध्ये पडून होती, दिवाळीत बाहेर काढली. चालू होते, स्लोला बरी उभी राहते पण जरा रेस दिली की कार्बमधून खोकल्यासारखा फट्ट आवाज येतो, एकदा तर एअर फिल्टरच्या तोंडाशी जाळ दिसला, आई तेव्हापासून गाडीत बसत नाही. आणि खंबाटकी घाट उतरताना पाय उचलला की मागे सायलेन्सरमध्ये फट फट फट, लोक वळून बघतात. मिस्त्रीने तीनदा कार्ब खोलून साफ केला, तिन्ही वेळा पैसे घेतले, फरक शून्य. आता म्हणतोय कार्बच बदलू. बदलू का?

तेलकट_हात
अजिबात नको. आधी एक गोष्ट लक्षात घ्या, पुढचा फटाका आणि मागचा फटाका ही दोन वेगळी दुखणी असू शकतात. कार्बमधून उलटा येतो तेव्हा बहुतेक वेळा पेट्रोल कमी आणि हवा जास्त असते, असं लीन मिक्स्चर हळू जळतं, इनटेक वॉल्व्ह (मिक्स्चर आत घेणारी झडप) परत उघडेपर्यंत आत जाळ शिल्लक असतो आणि तो मागे कार्बमध्ये शिरतो. सायलेन्सरमध्ये फुटतं ते न जळलेलं पेट्रोल, गरम पाइपात त्याला कुठूनतरी ताजी हवा मिळाली की झालं.
फुकटातली टेस्ट: इंजिन गरम झालं की चोक (मिक्स्चरमधली हवा कमी करणारी दांडी) अर्धा इंच ओढून चालवा. खोकला थांबला तर लीन आहे हे नक्की. आणि इंजिन बंद ठेवून, फिल्टर काढून कार्बच्या घशात बघत ऍक्सिलरेटर दाबा, पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे, नाही उडाली तर कार्बमधल्या पंपाचा डायफ्राम (पडदा) गेलाय.

कुर्ल्याचा_म्हातारा
मी काळ्यापिवळ्या फियाट टॅक्सी तीस वर्षं दुरुस्त केल्या, त्यामुळे थोडं खडूस बोलतो. कार्बची म्हणून आलेली निम्मी तक्रार डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या डब्यात असायची. पाच वर्षं गाडी उभी म्हणजे त्यातल्या पॉइंटवर (उघडझाप करणारे संपर्क) गंज, कॅपमध्ये ओल. पॉइंट घासा, गॅप फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्टीने) लावा, साधारण ०.४५ मिमी. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायर बदला. पॉइंटमध्ये जास्तच स्पार्क उडतोय तर कंडेन्सर (पॉइंटवरचा स्पार्क दाबणारा छोटा डबा) गेला. प्लगच्या वायरी १-३-४-२ अशाच आहेत ना ते पण बघा, एक नंबर रेडिएटरकडचा. दोन वायरी उलट्या लावून नवीन कार्ब घेतलेला माणूस मी पाहिलाय. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) लेट असेल तरी सायलेन्सर फुटतो आणि एक्झॉस्ट लाल होतो.

घाटवाट
आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे हे पण धरा, त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो म्हणून जुन्या जेटवर (कार्बमधलं पेट्रोलचं बारीक भोक) मिक्स्चर थोडं लीनच होतं, शिवाय जुने रबर पाइप खातं ते. पाइप आधी बदला, जेट शेवटी.

कुर्ल्याचा_म्हातारा
बरोबर. आणि टॅपेट (वॉल्व्हची फट) फार टाइट ठेवलेत का ते पण बघून घ्या, इनटेक वॉल्व्ह नीट बसला नाही तरी जाळ मागेच येतो.

खंबाटकीकर
आठवडाभराने लिहितोय, सॉरी. अंधारात ठिणग्या काही दिसल्या नाहीत, कंडेन्सर बदलला तर मिसिंग कमी झालं पण खोकला तसाच. मग चोक ओढला आणि खोकला गायब! पिचकारी पण चांगली उडते. मग तेलाच्या पिचकारीने कार्बच्या बुडाशी पॅकिंगभोवती थोडं इंजिन ऑइल सोडलं, स्लो एकदम गुळगुळीत झाला आणि मागे निळा धूर. म्हणजे तिथूनच हवा घेत होता. खोलल्यावर कळलं, नट इतके आवळलेत की कार्बची फ्लॅंज (बुडाची सपाट कड) धनुष्यासारखी वाकलीय. तीनदा साफ केला त्यातच झालं असणार. काचेवर एमरी पेपर ठेवून घासून सपाट केली, नवीन पॅकिंग, बेताने आवळलं, पुढचा फटाका बंद.
मागचा अजून आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पाइप) जॉइंटला काजळीचा काळा पट्टा दिसतोय आणि तिथला एक स्टड (आट्यांची दांडी) तुटून आतच राहिलाय. नाना पेठेतून स्टड आणि पॅकिंग आणलंय. ड्रिल मारू का?

तेलकट_हात
तोच तुमचा घाटातला फटाका, पाय उचलला की त्या फटीतून हवा आत ओढली जाते. पण घरी ड्रिल नको, हेड ॲल्युमिनियमचं आहे, ड्रिल जरा सरकला तर आटे गेले. गंज सोडवायचं तेल दोन दिवस मुरू द्या, मग लेथवाल्याकडे न्या.

कुर्ल्याचा_म्हातारा
आणि नवीन स्टडला आवळताना परत तोच मिस्त्री नको.