सीमेक (CMake, प्रोग्राम बिल्ड करण्याचं साधन): फंक्शनमधून यादी बाहेर कशी आणायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, दोन दिवस डोकं खाजवतोय. प्रोजेक्टमध्ये साताठ मॉड्यूल आहेत. प्रत्येक मॉड्यूल एक फंक्शन बोलावतं आणि ते आपल्या सोर्स फायलींची नावं एका सामायिक यादीत जोडतं. शेवटी यादी छापली तर रिकामी!

फंक्शनला स्वतःचा स्कोप (व्हेरिएबल जिथवर दिसतं ती हद्द) असतो, हे कळलं. म्हणून सेट करताना पॅरेंट स्कोप (PARENT_SCOPE, म्हणजे व्हेरिएबल बोलावणाऱ्याच्या हद्दीत ठेवणं) लावला. पण तो एकच पायरी वर जातो आणि माझं फंक्शन दुसऱ्या फंक्शनच्या आत आहे. शिवाय पॅरेंट स्कोप लावल्यावर त्याच फंक्शनमध्ये व्हेरिएबल जुनंच दिसतं, ही गंमत वेगळीच.

मग कॅशमध्ये (पुढच्या वेळीही टिकणाऱ्या साठ्यात) इंटर्नल म्हणून ठेवलं. चाललं! पण दर वेळी कॉन्फिगर केलं की तीच नावं पुन्हा चिकटतात, यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढतेय. फंक्शनऐवजी मॅक्रो (स्वतःचा स्कोप नसलेला, बोलावलेल्या जागीच चालणारा तुकडा) करावा, तर आतला रिटर्न बोलावणाऱ्यालाच बाहेर काढतो.

सीमेक ३.२५ पासून रिटर्नला प्रोपगेट (व्हेरिएबल बाहेर पाठवायची सोय) आलंय, पण आमच्या सर्व्हरवर ३.१६ आहे आणि बदलणं माझ्या हातात नाही. ग्लोबल प्रॉपर्टीत (सगळीकडून दिसणाऱ्या एका जागी) अपेंड करत जाणं बरं, की प्रत्येक पायरीवर पॅरेंट स्कोप लिहीत बसू? कुणी मोठ्या प्रोजेक्टमध्ये हे केलं असेल तर कृपया सांगा.