पर्यावरणाच्या जर्नलमध्ये गोधडी का येत नाही?

प्रश्न (रत्नागिरीकर मॅडम):
कॉलेजात शिकवते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. पोरांच्या लेखी तो नुसता पास व्हायचा पेपर. परवा जर्नलं तपासत होते. एकीच्या जर्नलात ध्रुवीय अस्वल, वितळणारा बर्फ, सगळं नेटवरून उतरवलेलं. कव्हर मात्र गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानाचं, त्यावर दुधाचे खाडे मांडलेले तसेच. घरी आणखी काय काय परत वापरता, विचारलं तर लाजली. "आजी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवते. पण ते परवडत नाही म्हणून, मॅडम." म्हणजे पहिला पगार आला की हे सुटणारच. तुमच्याकडच्या मुलांचं काय?

सावंतवाडीचा दादा:
आमच्या देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, पडलेली काटकीसुद्धा देवाचा कौल घेतल्याशिवाय कोणी उचलत नाही. का, विचारा, पोरं सांगतील, देव कोपतो. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात अशा राया नोंदवल्या, तेव्हाही राखण देवाचीच होती. पण देवळाचा जीर्णोद्धार निघाला, तेव्हा स्लॅबच्या खर्चासाठी त्याच राईतली झाडं विकायचं ठरलं. देवानेही कौल दिला म्हणे! वर्गणी गोळा करायला हीच पोरं पुढे. माझ्या मते देवाच्या धाकाला पर्यावरणप्रेम समजू नये.

पुण्यातला एसवायचा विद्यार्थी:
आमच्या घरी शाडूचा गणपती, विसर्जन बादलीत, माती तुळशीला. मंडळात मात्र प्लास्टर ऑफ पॅरिसची उंच मूर्ती, आणि तिथे ढोल मीच वाजवतो. शेजारच्या काकांकडे पीओपीची छोटी मूर्ती असते. महापालिकेने दिलेल्या अमोनियम बायकार्बोनेटमध्ये ती विरघळते, पण काकू म्हणतात, देव वाहत्या पाण्यातच गेला पाहिजे. (शाडूही बराचसा गुजरातेतून खणून येतो, हे कोणी बोलत नाही.)

हॉस्टेल सांभाळणारी ताई:
सण राहू द्या. माझ्या मुली पोस्टर स्पर्धेत पहिल्या येतात आणि सुक्या कचऱ्यात वरणभात ओततात. रागावलं तर उत्तर ठरलेलं: "मावशी आहेत ना." कचरा वेचणारी माणसं कुठल्या जातींची, हे त्यांना न शिकवता कळतं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून या बायकांसाठी लढतेय. तुमच्या अभ्यासक्रमात ती आहे का?

रत्नागिरीकर मॅडम:
नाही, ताई. घालते. यंदा प्रकल्पच बदलते: घरातली जुनी वस्तू कोण दुरुस्त करतं आणि तुमचा कचरा शेवटी कोणाच्या हातात जातो, त्या माणसाशी बोलून लिहा. दादा, तुमचं मात्र अर्धंच पटलं. धाकाने का होईना, राई आजवर उभी राहिली. माझ्या पेपराने अजून एक झाड वाचवलेलं नाही. आता गोधडीला मार्क कसे द्यायचे, यावर स्टाफरूममध्ये भांडण होणार.