उर्फा, गोबेक्लीतेपे आणि हर्रान : एक मुक्काम पुरेल का?

प्रश्न : गणितशिक्षक, पुणे

नमस्कार. मी आणि माझी पत्नी, दोघेही निवृत्त, येत्या एप्रिलच्या मध्यावर तुर्कस्तानच्या आग्नेय भागात जाणार आहोत. इस्तंबूल आणि कापादोकिया पूर्वीच पाहून झाल्यामुळे या वेळी विमानाने गाझीआंतेपला उतरायचे आणि तेथून बसने शान्लिउर्फा (म्हणजेच उर्फा) व पुढे मार्दिन असा मार्ग आखला आहे. उर्फात सध्या एकच रात्र धरली आहे. दुपारी पोहोचून लगेच टॅक्सीने गोबेक्लीतेपे या अश्मयुगीन उत्खननस्थळी जावे, दुसऱ्या दिवशी सकाळी हर्रान हे प्राचीन गाव पाहावे आणि संध्याकाळी मार्दिनची बस धरावी, असा बेत आहे.

हे वेळापत्रक धावपळीचे होईल का? आम्ही दोघेही शाकाहारी आहोत, आणि उर्फा तर कबाबांसाठी प्रसिद्ध आहे असे ऐकतो. पत्नीच्या गुडघ्याचे दुखणे आहे, त्यामुळे किती चालावे लागेल तेही कळले तर बरे होईल. हर्रान सीरियाच्या सीमेजवळ असल्याने मुलाला थोडी काळजी वाटते. या भागातून जाऊन आलेल्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

उत्तर : शिलालेख, ठाणे

सर, नमस्कार. आम्ही दोघी बहिणी ऑक्टोबरमध्ये याच मार्गाने गेलो होतो आणि आम्हीही उर्फात एकच रात्र ठेवण्याची चूक केली होती. तिथे पोहोचल्यावर पुढच्या मुक्कामाचे आरक्षण रद्द करून आणखी एक दिवस राहिलो. आपण आधीपासूनच दोन रात्री ठेवाव्यात, अशी माझी मनापासून विनंती आहे.

दुसरी विनंती क्रमाविषयी आहे. गोबेक्लीतेपे आधी आणि उर्फा शहरातले पुरातत्त्व संग्रहालय नंतर, किंवा संग्रहालय नाहीच, असे बहुतेक जण करतात आणि मग ‘एवढ्या लांब येऊन छपराखाली काही दगडच पाहिले’ असे म्हणत परततात. प्रत्यक्ष स्थळावर खांबांजवळ जाता येत नाही; मोठ्या छताखाली बांधलेल्या लाकडी मार्गावरून खालच्या वर्तुळाकार वास्तूंकडे पाहावे लागते, आणि त्या अंतरावरून कोरीवकामातले बारकावे डोळ्यांत भरत नाहीत. संग्रहालयात त्यांतल्या एका वास्तूची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, आणि तिच्यात आपण आत शिरून उभे राहू शकतो. इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे ते खांब नुसते खांब नसून माणसेच आहेत, त्यांच्या कडेने हात उतरले आहेत, बोटे पोटाशी येऊन थांबली आहेत आणि कमरेला पट्टा आहे, हे मला तिथे उभे राहिल्यावर प्रथम कळले. दुसऱ्या दिवशी सकाळी खऱ्या खांबांसमोर गेलो तेव्हा कुठे काय पाहायचे ते डोळ्यांना ठाऊक होते. कोल्हे, रानडुकरे, गिधाडे, विंचू एकामागून एक सापडत गेले.

ही वास्तू इसवी सनापूर्वी सुमारे 9500 वर्षांची, म्हणजे आजपासून साडेअकरा हजार वर्षांमागची आहे. ती उभारणारे लोक शिकार आणि रानातले धान्य यांवर जगत होते. त्यांच्याकडे मडकी नव्हती, धातू नव्हता, चाक नव्हते. 1963 च्या पाहणीत या टेकडीची नोंद झाली होती, परंतु तिचे महत्त्व ओळखून 1995 पासून उत्खनन केले ते जर्मन पुरातत्त्वज्ञ क्लाउस श्मिट यांनी. 2014 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते याच कामात होते. 2018 मध्ये स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

संग्रहालयात आणखी एक दालन आवर्जून पाहा. नेवाली चोरी नावाची अशीच एक प्राचीन वस्ती आतातुर्क धरणाच्या पाण्याखाली 1992 मध्ये गेली. बुडण्यापूर्वी तिची उपासनावास्तू उचलून आणली आणि ती इथे पुन्हा मांडली आहे. शेजारीच माणसाच्या उंचीचा, काळ्या ज्वालामुखी काचेचे डोळे असलेला पुरुषाचा चुनखडीचा पुतळा उभा आहे. त्याच्यासमोर माझी बहीण बराच वेळ काही न बोलता उभी होती.

वहिनींच्या गुडघ्याविषयी : गोबेक्लीतेपेच्या प्रवेशद्वारापासून वर नेणारी बस असते आणि पुढचा मार्ग बऱ्यापैकी सपाट आहे. संग्रहालय मोठे असले तरी बसायला जागा मिळते. त्रास होईल तो मुक्कामाच्या ठिकाणी. जुन्या दगडी वाड्यांमध्ये थाटलेली निवासस्थाने सुंदर असतात, पण त्यांचे जिने उंच आणि अरुंद असतात. आमच्या वाड्यात वरचीच खोली मिळाली आणि सामानासह चढताना दमछाक झाली. तळमजल्यावरची खोली आधीच मागून घ्या.

संध्याकाळ माशांच्या तळ्यासाठी, म्हणजे बालिक्लीगोलसाठी ठेवा. निमरूद राजाने प्रेषित इब्राहिमला अग्नीत टाकले तेव्हा अग्नीचे पाणी झाले आणि लाकडांचे मासे झाले, अशी तिथली श्रद्धा आहे. म्हणून या माशांना कोणी धरत नाही, सगळे दाणे घालतात. आपल्याकडच्या देवस्थानांच्या डोहांत मासे राखले जातात, त्याची मला तिथे फार आठवण झाली. तिथल्या मशिदीत आणि इब्राहिमच्या जन्मगुहेत जाताना वहिनींनी ओढणी जवळ ठेवावी. जवळच्या गुमरुक हानाच्या चौकात, 1562 च्या सराईत, चहा घेत बसावे. आजूबाजूला तुर्की, कुर्दी आणि अरबी अशा तिन्ही भाषा एकाच वेळी कानावर पडतात, आणि जांभळट रुमाल डोक्याला गुंडाळलेले वयस्कर गृहस्थ पट खेळत असतात.

सीमेविषयी मुलाची काळजी रास्त आहे. आम्हाला हर्रानला जाता-येता कोणतीही अडचण आली नाही, तरी निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचावी आणि दिवस मावळण्याआधी शहरात परतावे.

आपण गणिताचे शिक्षक म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. नवव्या शतकात अल-बत्तानी हा खगोलशास्त्रज्ञ याच हर्रानच्या परिसरात जन्मला. ग्रीक लोक कोन मोजताना वर्तुळाची पूर्ण जीवा वापरत; तिच्याऐवजी त्याने अर्धजीवा, म्हणजे भारतातून अरबांकडे गेलेली आपली ‘ज्या’ (आजची ‘साइन’) वापरली. आज हर्रानमध्ये त्या काळातले फारसे काही उरलेले नाही. उमय्या खलिफांच्या काळातल्या मोठ्या मशिदीचे अवशेष आणि तिचा चौकोनी मनोरा तेवढा मैदानात उभा आहे. परंतु त्या मनोऱ्याखाली आपल्याला जे वाटेल ते इतर प्रवाशांना वाटणार नाही.

उत्तर : साधा वरणभात, नाशिक

शाकाहाराची चिंता करू नये, फक्त दोन शब्द पाठ करावेत. ‘एत्सिझ’ म्हणजे मांसाशिवाय, आणि ‘एत येमियोरूझ’ म्हणजे आम्ही मांस खात नाही. मसुराचे सूप सगळीकडे मिळते, मात्र काही ठिकाणी ते मांसाच्या पाण्यात शिजवतात, म्हणून विचारून घ्यावे.

उर्फाचा प्रसिद्ध पदार्थ चीयकोफ्ते हा मुळात कच्च्या मांसाचा. परंतु दुकानांत विकला जाणारा आता बिनमांसाचाच असतो. बारीक दलिया, टोमॅटोचा आटवलेला गर आणि इसोत ही तिथली मिरची एकत्र बराच वेळ मळून त्याचे मुटके करतात, आणि पातळ पोळीत पुदिना, कोशिंबीर व लिंबू घालून गुंडाळून देतात. आम्ही तीन दिवसांत चार वेळा तेच खाल्ले. गाण्याच्या मैफलीत किंवा कोणाच्या घरी दिला तर मात्र त्यात मांस असू शकते, तेव्हा तिथे विचारल्याशिवाय घेऊ नये.

इसोत पावशेर तरी विकत आणा. ही मिरची दिवसा उन्हात वाळवतात आणि रात्री झाकून घाम आणतात. त्यामुळे ती काळपट, किंचित तेलकट होते. तिचा तिखटपणा सावकाश चढतो. आमच्या घरी वांग्याच्या भरितावर ती घालतात.

उत्तर : कृष्णाकाठ, सांगली

वरच्या उत्तरांत हर्रानची मशीद आली, मातीच्या घुमटांची घरे येतीलच, पण मैदान राहून गेले. मी शेतीतला माणूस आहे आणि मला ते मैदान सर्वांत महत्त्वाचे वाटले.

उर्फाहून हर्रानपर्यंतचे चव्वेचाळीस किलोमीटर बहुतेक प्रवासी मोबाइलमध्ये पाहत घालवतात. कृपया खिडकीबाहेर पाहा. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हा कोरडवाहू मुलूख होता. आतातुर्क धरणाचे पाणी प्रत्येकी 26.4 किलोमीटर लांबीच्या दोन समांतर बोगद्यांतून इथे आणले, 1995 मध्ये ते शेतात पोहोचले आणि जिथे बार्ली व गहू होता तिथे कापूस उभा राहिला. एप्रिलमध्ये आपल्याला हिरवा गहू दिसेल आणि कापसाच्या पेरणीची तयारी चाललेली असेल. मात्र सखल भागातल्या काही वावरांत पांढरी झाक दिसली तर ती काय आहे ते मी सांगतो : ते मीठ आहे. पाणी अमाप दिले, निचऱ्याचे चर वेळेवर खणले नाहीत, भूजल वर आले आणि क्षार पृष्ठभागावर साचले. आमच्या शिरोळ-वाळव्यात उसाखाली हजारो एकर जमीन अशीच क्षारपड झाली आहे. तिथल्या एका वयस्कर शेतकऱ्याने टॅक्सीचालकाच्या मदतीने मला त्याचे वावर दाखवले, तेव्हा भाषा येत नसूनही दोघांना एकमेकांचे सगळे कळत होते.

आणखी एक. आपल्या खपली गव्हाच्या मूळ लागवडीच्या प्रदेशांत याच आग्नेय तुर्कस्तानची गणना होते. उर्फा आणि दियारबाकिर यांच्यामध्ये काराजादा हा ज्वालामुखीचा डोंगर आहे आणि त्याच्या उतारांवर रानगहू अजून आपोआप उगवतो. जे लोक गोबेक्लीतेपे उभारत होते ते असेच धान्य खुडत असणार. आमच्या आजीच्या खपलीच्या खिरीचा धागा तिथपर्यंत पोहोचतो, हे समजल्यावर मी रस्त्याकडेच्या गवताकडेही वाकून पाहू लागलो.

प्रश्नकर्ता : गणितशिक्षक, पुणे

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मार्दिनची एक रात्र कमी करून उर्फाच्या दोन रात्री केल्या आहेत, आणि तळमजल्यावरची खोली मिळाल्याचे वाड्याच्या मालकांनी कळवले आहे. पहिल्या दुपारी संग्रहालय, दुसऱ्या दिवशी सकाळी गोबेक्लीतेपे आणि दुपारनंतर हर्रान. ‘ज्या’ची गोष्ट पत्नीला सांगितली, आता हर्रानला तिलाच जास्त घाई झाली आहे. एक शेवटची शंका : तिथे मिर्रा नावाची कडू कॉफी देतात, ती घेताना काही रीत पाळावी लागते का?

उत्तर : शिलालेख, ठाणे

होय सर. लहानशा बिनकानाच्या पेल्यात दोन घोट असतात. ते पिऊन झाले की पेला खाली न ठेवता, वाढणाऱ्याच्या हातातच परत द्यावा. खाली ठेवणे हा यजमानाचा अवमान समजतात. वहिनींना फार कडू लागली तर आधीच नम्रपणे नको म्हटलेले चालते.