मदत हवी आहे: पुरात धंदा बुडाला, सरकारी मदत नक्की कशाखाली मागायची?

शिवणटीप: अर्जंट आहे. पंचनामा झाला पण यादीत नावं नाहीत, तीनदा ऑफिसला जाऊन आले, दर वेळी एकच, 'वरून काही आलं नाही'. गल्लीतले आम्ही 34 जण, सगळ्यांचं सारखंच. काहींना घराचे पैसे आलेत, पण धंद्याचं काय? सोमवारी मिळून अर्ज द्यायचाय. कुणाकडे फॉरमॅट असेल तर प्लीज टाका.

काठावरचा: राज्य कुठलं? ग्रामपंचायत की नगरपालिका? धंदे कसले? आणि पंचनाम्यावर शब्दशः काय लिहिलंय? हे कळल्याशिवाय फॉरमॅटचा उपयोग नाही.

मळेवाला: पीक विम्याला 72 तासांत कळवावं लागतं, ते केलंत का? आमच्याकडे निम्मे लोक तिथेच बाद झाले.

शिवणटीप: काका, शेती नाहीये आमची कुणाची. महाराष्ट्र, ग्रामपंचायत. माझं शिलाईचं आहे, बाकी किराणा, चप्पल दुरुस्ती, पिठाची गिरणी असं. पंचनाम्यावर 'राहते घर, पाणी शिरले' एवढंच आहे, कारण दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली.

काठावरचा: मग घोळ तिथेच आहे, आणि हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. केंद्राच्या एसडीआरएफच्या (राज्य आपत्ती प्रतिसाद निधी) निकषांत घर, भांडी-कपडे, शेती, जनावरं, मच्छीमारांच्या होड्या-जाळी, हातमाग आणि हस्तकला कारागिरांची अवजारं आहेत, दुकान हा प्रकारच नाही. दुकानांसाठी राज्याला स्वतःच्या पैशातून वेगळा जीआर, म्हणजे शासन निर्णय, काढावा लागतो. 2021 च्या पुरानंतर काढला होता, दुकानदाराला नुकसानीच्या 75 टक्के पण जास्तीत जास्त 50,000, टपरीला जास्तीत जास्त 10,000, शिवाय स्थानिक मतदार यादीत नाव आणि रेशनकार्ड पाहिजे. तो त्या पुरापुरता होता. तुमच्या पुरासाठी तसा निघालाय का ते शासनाच्या जीआरच्या साईटवर आधी बघा. 'वरून आलं नाही' म्हणजे बहुतेक तोच जीआर आलेला नाही.

हिशेबनीस: जीआरची वाट बघत बसलात तर सीझन जाईल. सरळ बँकेत जा. आपत्तीग्रस्त भागात कर्जाची पुनर्रचना करायची, नवं कर्ज द्यायचं, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. माझ्या भावाने तेच केलं, चार महिन्यांत शटर वर.

काठावरचा: पुनर्रचना म्हणजे माफी नव्हे हो, हप्ता पुढे जातो, व्याज चालूच राहतं. ज्याचा माल वाहून गेला त्याला आणखी कर्ज काढ म्हणून कसं सांगता?

हिशेबनीस: मग काय उपाशी बसायचं? मदत आणि कर्ज दोन्ही घ्यावं, एवढंच म्हणतोय.

दूरदेशी: 34 जण एकत्र आहात ही मोठी गोष्ट आहे. जपानमध्ये 2011 च्या त्सुनामीनंतर छोट्या उद्योगांनी गट करून आराखडा द्यायचा, मंजूर झाला की दुरुस्तीच्या खर्चाच्या तीन चतुर्थांशापर्यंत अनुदान, म्हणजे एकूण खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा आणि पाव प्रांताचा. एकट्याचं दुकान उघडून भागत नाही, शेजारची गिरणी बंद असेल तर गिऱ्हाईक गल्लीत फिरकतच नाही.

मळेवाला: जपानचं इथे काय करायचं? त्यांना सोमवारी अर्ज द्यायचाय.

दूरदेशी: आपल्याकडेही जागा आहे. 15 व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी राज्याच्या आपत्ती निधीत 30 टक्के वाटा पुनर्प्राप्ती आणि पुनर्बांधणीसाठी ठेवला. तो माणशी वाटायचा पैसा नाही, पण गल्लीचा रस्ता, गटार, बाजाराचे गाळे यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडून मागणी करता येते.

काठावरचा: हे मान्य. पण दोन अर्ज वेगळे द्या, एकत्र केलेत तर दोन्ही लटकतील. पहिला तहसीलदारांना, फेरपंचनाम्यासाठी, 'राहते घर व व्यवसाय' अशी नोंद मागा, 34 जणांची यादी, प्रत्येकापुढे काय गेलं ते. ग्रामपंचायतीचा धंद्याचा दाखला, लाईटबिल, उद्यम (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) असेल तर तेही जोडा. दुसरा अर्ज गल्लीच्या कामांचा, ग्रामसभेचा ठराव जोडून. आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

शिवणटीप: बिलं कुणाकडेच नाहीत, वह्यांचा लगदा झालाय. माझ्या मशिनच्या ड्रॉवरमधून अजून चिखल निघतोय, बॉबिन गंजून एकमेकांना चिकटल्यात. बिलाशिवाय मशीन माझंच आहे हे दाखवू कसं?

काठावरचा: मशिनवर पत्र्याची पट्टी असते, त्यावर नंबर असतो, त्याचा जवळून फोटो काढा. एक फोटो लांबून, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असा. आणि फेरपंचनामा होईपर्यंत भिंत धुऊ नका.

शिवणटीप: आमची आज सकाळीच धुतली. शेजारच्यांची आहे अजून, आत्ता सांगून येते.