ऑनलाइन नोकरी म्हणून यूएसडीटी भरायला लावलं? अनुभव लिहा

विश्रामबागची आई
काल माळा आवरताना लेकीची २०२३ ची वही सापडली. मागच्या पानावर तिच्या सुबक अक्षरात हिशेब. १५०, १५०, २१०. मग १,००० चे १,३००. पुढं ५,०००, १८,०००, ४२,०००. शेवटच्या आकड्यावर पेन इतकं दाबलंय की कागद फाटलाय. तिथंच बसले मी.
हॉटेलांना रेटिंग द्यायची 'नोकरी'. पहिले पैसे खरंच खात्यात आले, म्हणून तर विश्वास बसला. मग 'प्रीपेड टास्क', म्हणजे आधी पैसे भरून करायचं काम. त्यासाठी यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाचं क्रिप्टो नाणं, विकत घेऊन पाठवायचे. साइटवर नफा वाढताना दिसायचा, काढायला गेलं की आधी ३० टक्के टॅक्स भरा. मी रागावेन म्हणून तिनं नऊ दिवस सांगितलं नाही. ते नऊ दिवस मला अजून टोचतात. तुमच्याकडं घडलं असेल तर लिहा, पोरं वाचतील.

कुपवाडकर
टॅक्सचं सेम टू सेम. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर एप्रिल २०२२ पासून खरंच आहे, म्हणून पटतं माणसाला. पण तो आपण सरकारला भरतो. ह्यांच्या वॉलेटवर कसला टॅक्स? शिफ्टला निघालोय, रात्री लिहितो.

मिरज_जंक्शन
ताई, लेक कशी आहे आता?
मला ३०० मिळाले, पुढं गेलो नाही. कंपनी नावाजलेली पण मेल जीमेलचा, मुलाखत नाही, ऑफर लेटर व्हॉट्सॲपवर. खऱ्या कंपनीच्या साइटवरचा नंबर शोधून फोन केला. असली भरतीच नव्हती.

तासगावचा द्राक्षवाला
पुतण्याचं वेगळंच. काम काय, तर खात्यात येतील त्या पैशाचे यूएसडीटी घे, दिलेल्या पत्त्यावर पाठव, दोन टक्के तुझे. पोरगं खूश. ते पैसे अशाच फसलेल्या लोकांचे होते. खातं गोठलं, परराज्यातल्या पोलिसांची नोटीस आली. बागेचे पैसेही त्याच खात्यात. ऐन ऑक्टोबर छाटणीत औषधाला उसनवारी करावी लागली.

हरिपूर रोड
अरेरे. यंदा माल कसा आहे दादा?

तासगावचा द्राक्षवाला
पाऊस लांबला, घड जिरलेत बऱ्याच बागांत. बघू.

साताऱ्याची सून
भाकऱ्या टाकता टाकता लिहितेय, चुका सांभाळून घ्या. माझ्या भावानं अर्ध्या तासात १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावला, बँकेतून गेलेले थोडे पैसे पुढच्या खात्यात थांबले. सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही केली. यूएसडीटी करून पाठवलेले मात्र गेलेच, ते व्यवहार उलटे फिरवता येत नाहीत. तरी वॉलेटचा पत्ता आणि ट्रान्झॅक्शनचा हॅश (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) तक्रारीत द्याच, पैसे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एखाद्या एक्स्चेंजवर पोचले तर तिथं अडवता येतात.
आणि बाई, नंतर आलेला 'तुमचे पैसे परत मिळवून देतो'वाला! त्यालाही आधी फी हवी होती. भाऊ द्यायला निघालेला, वहिनीनं फोनच काढून घेतला.

विश्रामबागची आई
मिरजवाले, बरी आहे हो. एका सीएंकडं कामाला लागलीय. वही दाखवली तर म्हणाली, जाळू नकोस, राहू दे.

कुपवाडकर
आलो परत. चिडून ग्रुप सोडू नका. टेलिग्रामवर समोरचा आपल्या फोनमधलं चॅटही पुसू शकतो. माझं सगळं एका रात्रीत गेलं, पोलिसांना दाखवायला काही उरलं नाही. आधी स्क्रीनशॉट.

गणपती पेठ
हे वाचून आत्ता धाकट्याला विचारलं. पोरगं गप्पच झालं. अशाच ग्रुपात आहे, आज १,००० भरणार होता. दोघं फोन घेऊन बसलोय, स्क्रीनशॉट काढतोय. तो म्हणतो, दादा, एवढ्या जणांनी पैसे मिळाले म्हणून लिहिलंय, ते सगळे खोटे?

साताऱ्याची सून
त्यांचीच माणसं असतात हो ती. भावाच्या ग्रुपातही रोज तेच. जेवलाय का तो?