तुलूझ-लोत्रेकची शा-यू-काओ: पिवळ्या झालरीमागे खड्डा का पडतो?

प्रश्न
फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकने १८९५ मध्ये रंगवलेल्या विदूषकीण शा-यू-काओच्या चित्राचा (ओर्से संग्रहालय, पॅरिस) पुठ्ठ्यावर तैलरंगात अभ्यास चालू आहे. मूळ चित्रात भिंत, आरसा आणि तिच्या पोशाखाची पिवळी झालर एकमेकांना चिकटून बसलेत. माझ्या नकलेत झालरीमागे खड्डा दिसतो, शिवाय पिवळा सावलीत मळतो. रेखाटन चुकतंय की रंग?

उत्तर १
रंगच, त्यातही उजळपणा. पिवळा मुळातच उजळ. त्यामागे गडद तपकिरी आला की खोली दिसणारच. भिंत मध्यम छटेत ठेवा. झालर उठून दिसावी ती रंगाच्या फरकाने, काळोखाने नव्हे. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला की चूक लगेच कळते.

पिवळ्याच्या सावलीत काळा घालू नका, तो शेवाळी होतो. जांभळाही मिसळू नका, राखाडी चिखल होतो. पिवळा सुकू द्या आणि घडीच्या कडेला जांभळट निळ्याची एकच बारीक रेघ ओढा. घडी तेवढ्यानेच वळते.

उत्तर २
वरचं बरोबर आहे, पण अर्धं काम पुठ्ठा करतो. ट्यूबमधला रंग आधी टीपकागदावर काढा. कागदावर तेलाचं कडं पसरलं की उचलून टर्पेंटाइनने पातळ करा. लोत्रेक असाच रंग बिनअस्तराच्या (आधी पांढरा थर न दिलेल्या) पुठ्ठ्यावर लावायचा. उरलंसुरलं तेल पुठ्ठा पितो, चकाकी राहत नाही. चकाकणारा गडद रंग नजरेला आत ओढतो, मॅट रंग पृष्ठभागावरच थांबवतो.

फटकाऱ्यांमध्ये पुठ्ठा उघडा सोडा, झालरीतही आणि भिंतीतही. तोच तपकिरी दोन्हीकडे डोकावला की त्या एका पातळीवर येतात. सपाटपणाचं खरं मर्म मला तरी इथेच दिसतं.

टर्पेंटाइन जास्त झालं तर रंग पावडरीसारखा बोटाला लागतो. वार्निश अजिबात नको, उघडा पुठ्ठा भिजल्यासारखा काळवंडतो. बोर्ड आम्लमुक्त घ्या. साधा पुठ्ठा वर्षागणिक गडद होत जातो आणि सगळं गणित बिघडतं.

प्रश्नकर्ता
आणि आरशातला म्हातारा? तो धूसर केला तरी मागेच जातो.

उत्तर १
धूसर केला म्हणूनच जातो! त्याची रेघ झालरीच्या रेघेइतकीच जाड ठेवा, कडाही तितक्याच स्पष्ट. जपानी छापचित्रांत लांबची वस्तू पुसट नसते, फक्त दुसरीमागे झाकलेली असते. लोत्रेकने तेच उचललं. आरशाची चौकट आधी सपाट आकार म्हणून भरा, चेहरा त्यानंतर.