ट्रॅव्हल बेसबॉलचं अंपायरिंग सुरू केलंय, पहिल्याच शनिवारी कॉल बदलला, मार्गदर्शन हवंय

केरीचा_बाबा:
नमस्कार मंडळी, आम्ही केरी, नॉर्थ कॅरोलायनाला असतो. मुलगा ११यू (अकरा वर्षांपर्यंतच्या) ट्रॅव्हल टीममधे, म्हणजे गावोगावच्या टुर्नामेंटना जाणाऱ्या टीममधे आहे, त्यामुळे सीझनमधले शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या मैदानावरच जातात. पुण्यात असताना मी क्लब क्रिकेटला बरीच वर्षं अंपायरिंग केलंय, ते टुर्नामेंटवाल्यांच्या कानावर गेलं, माणसं कमी होतीच, त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणालो. क्लिनिक केलं, रूलबुक दोनदा वाचलं आणि गेल्या शनिवारी १०यूच्या दोन मॅचना बेसवर उभा राहिलो, प्लेटला, म्हणजे बॅटर-कॅचरच्या मागे, अनुभवी पार्टनर होता.

दुसऱ्या मॅचमधे शेवटच्या इनिंगला शॉर्टस्टॉपने (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) खोलातून बॉल उचलून फर्स्ट बेसला मारला, एकदम क्लोज, मी आउट दिला. तर बॅटिंगवाल्यांचा कोच धावत आला, टाय गोज टू द रनर (बॉल आणि रनर एकाच वेळी पोचले तर रनर सेफ), टाय होता की नाही सांगा म्हणून. मला क्षणभर वाटलं की हो, एकाच वेळी असेल, आणि संशयाचा फायदा बॅट्समनला द्यायची सवय हाडीमासी खिळलेली, मी सेफ केला. माउंडवरचं पोर, म्हणजे पिचर, दहा वर्षांचं, टोपी डोळ्यांवर ओढून रडायला लागलं. चार दिवस झाले तो चेहरा जात नाहीये डोळ्यासमोरून.

टायचा असा नियम खरंच आहे का? कॉल बदलायला नको होता ना? आणि पुढच्या महिन्यात मला प्लेट देणारेत, तिथे काय तयारी करून जाऊ?

स्लॉटमधे_उभा:
केरीचा_बाबा, नऊ सीझन झाले मला, शार्लटजवळ असतो. आधी टायचं सांगतो. टाय गोज टू द रनर हे वाक्य रूलबुकमधे कुठेही नाही, लहानपणापासून सगळे म्हणत आलेत एवढंच. आधी बॉल की आधी पाय हे ठरवायलाच आपल्याला उभं केलेलं असतं. त्यासाठी डोळे बेसवर ठेवायचे आणि कान ग्लोव्हवर, थ्रो चांगला आहे हे एकदा दिसलं की बॉलकडे बघायचंच नाही, पाय बेसवर पडताना बघायचा आणि ग्लोव्हचा आवाज ऐकायचा. थ्रोच्या रेषेला काटकोनात, बेसपासून १५-१८ फुटांवर. अगदी जवळ गेलात तर पाय दिसतो पण बाकी काहीच दिसत नाही, सगळे नवे लोक इथेच चुकतात.

कॉल बदलायला नको होता, हे स्पष्टच सांगतो. जजमेंट कॉलवर कोचला वाद घालताच येत नाही, नियम चुकीचा लावला असेल तर विचारता येतं. फर्स्ट बेसमनचा पाय सुटला का, टॅग खरंच लागला का, असं काही तुम्हाला दिसलं नसेल तर पार्टनरला बाजूला घेऊन विचारा, त्याने पाहिलं असेल तर बदला, त्यात कमीपणा नाही. पण कोच ओरडला म्हणून एकदा बदलला की पुढच्या प्रत्येक क्लोज प्लेला दोन्ही कोच मैदानात येणार.

क्रिकेटची आणखी एक सवय सोडावी लागेल. तिथे अपील झाल्याशिवाय आउट देता येत नाही, इथे बेस चुकवणं किंवा कॅचनंतर लवकर निघणं असं थोडंच अपीलवर चालतं, बाकी प्रत्येक पिचला तुम्हालाच बोलायचंय. आणि लिटल लीगच्या लहान मैदानावर बॉल बॅटरपर्यंत पोचेपर्यंत रनर बेस सोडत नाही, ट्रॅव्हलमधे लीडऑफ असतो (पिचच्या आधीच रनर बेसपासून थोडा पुढे सरकतो), म्हणजे पिकऑफ आला (त्याला आउट करायला बेसवर थ्रो), बॉक आला (रनरला फसवणारी पिचरची बेकायदा हालचाल). पिचरचा पाय रबरवर (माउंडवरच्या पट्टीवर) आहे की मागे उतरलाय याच्यावर सतत नजर हवी.

प्लेटला स्लॉटमधे उभं राहा, म्हणजे कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत, हनुवटी कॅचरच्या डोक्याच्या वर. पिच येताना मान हलवायची नाही, फक्त डोळे, बॉल ग्लोव्हमधे गेला की एक श्वास आणि मग कॉल. प्लेट १७ इंच आहे, बॉल साधारण २.९ इंच, कड नुसती घासली तरी स्ट्राइक, म्हणजे प्रत्यक्षात २३ इंचाच्या आसपास जागा मिळते पिचरला. १०यूला ती पूर्ण द्या, वॉकमागून वॉक (चार बॉल होऊन बॅटरला फुकट फर्स्ट बेस) झाले तर पोरं बॅटच फिरवत नाहीत, नुसती उभी राहतात. मास्क, चेस्ट प्रोटेक्टर, शिन गार्ड, कप (क्रिकेटमधला गार्ड) आणि पुढे कडक टोपी असलेले प्लेट शूज, यातलं काहीही नसेल तर प्लेटला जाऊ नका. मोकळा हात कॅचरच्या मागे झाकलेला ठेवा, माझ्या मनगटावर फाउल (बॅटला घासून मागे उडालेला बॉल) बसला होता, तीन आठवडे टाइप करता येत नव्हतं.

कॅचरची_आई:
दादा, मी नियमांतली नाही, पण स्टँडमधे बसणारी आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे पालक फार वाईट बोलतात हो अंपायरना, कित्येकदा अंपायर हायस्कूलचं पोरगं असतं आणि चाळिशीचे बाप्ये त्याच्यावर किंचाळतात. मी दोनदा उठून गप्प बसा म्हटलंय, तर माझ्याशीच बोलणं सोडलं एका कुटुंबाने, चालेल मला.

मागच्या वर्षी माझ्या लेकाच्या मास्कवर फाउल बॉल जोरात बसला. तो गुडघ्यावर, हलतच नाही, माझा जीव नुसता गोळा झालेला. अंपायरकाकांनी टाइम घेतला, पुढे आले, वाकून खिशातल्या छोट्या ब्रशने प्लेट झाडायला लागले. प्लेट स्वच्छच होती, तरी झाडत होते, सावकाश, सगळ्या कडांनी, आणि झाडता झाडता खाली मान घालूनच त्याच्याशी बोलत होते. घरी येताना लेकाने सांगितलं, ते विचारत होते आज कुठला वार, स्कोअर किती, डोकं दुखतंय का, घाई नाही, माझं झाडून व्हायचंय अजून.

केरीचा_बाबा:
ताई, हे वाचून फार बरं वाटलं. स्लॉटमधे_उभा, तुमचं सगळं उतरवून घेतलंय. एकच विचारतो, स्टँडमधून कोणी फारच बोलायला लागलं तर काय करता?

स्लॉटमधे_उभा:
स्टँडकडे बघायचं नाही, उत्तर तर अजिबात नाही. इनिंग संपली की त्या टीमच्या हेड कोचला शांतपणे सांगायचं, तुमचे पालक तुम्ही सांभाळा. नाही थांबले तर खेळ थांबवून साइट डायरेक्टरला (त्या मैदानावरचा टुर्नामेंटचा प्रमुख) बोलवायचं, माणसाला बाहेर काढणं त्याचं काम.

आणि ताईंनी लिहिलंय ते उलटंही होतं बरं का. तुम्हाला बॉल लागला की चांगला कॅचर स्वतःच टाइम मागून पिचरकडे चालत जातो, तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून. तेव्हा ब्रश घ्या, दहा डॉलरच्या आत मिळतो, आणि उजव्या मागच्या खिशात ठेवा.